जळगाव-मुंबई विमान : अंतर तेच, गणित वेगळं

जळगावहून मुंबईला विमानानं किती वेळ लागतो म्हणून विचारा, कोणी पाऊण तास सांगेल, कोणी सव्वा तास, आणि दोघं खोटं बोलत नाहीत. सरळ रेषेत अंतर साधारण ३५० किमी आहे, एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० च्या आसपास उडतं म्हणजे हिशोबानं पाऊण तासही नको. पण तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, मुंबईवर नंबर लागेपर्यंत घिरट्या, सगळं धरलेलं असतं.

रेल्वेनं हेच अंतर ४२० किमी, कारण पाचोरा-चाळीसगाव-मनमाड-नाशिक करत रूळ शेवटी थळ घाटात उतरतो. हा घाट १८६५ ला रेल्वेसाठी सुरू झाला, चढ ३७ ला १ म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, त्यामुळे मुंबईहून येताना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात, ती लागताना असा धक्का बसतो की वरच्या बर्थवर घोरणारा पण उठून बसतो, मग इगतपुरीला ती सुटतात. पुढं १८७० ला भुसावळकडची लाईन जबलपूरला जोडली गेली आन थेट कलकत्त्यापर्यंत गाडी झाली. रात्री बसा, सकाळी दादरला उतरा, एवढी सोय असल्यावर खान्देशात विमानासाठी कोण अडून बसणार, माझ्या मते तरी उशीर तिथूनच झाला.

तशी धावपट्टी १९७३ पासून होती बरं का, पीडब्ल्यूडीनं बांधलेली. नंतर ती नगरपालिकेकडे, मग एमएडीसी म्हणजे राज्याच्या विमानतळ विकास कंपनीकडे आणि शेवटी एअरपोर्ट अथॉरिटीकडे गेली. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना कामाला जोर आला आणि २०१२ ला नवं विमानतळ तयार झालं. पण रोजचं विमान काही येईना, टर्मिनल चकाचक आणि प्रवासी शून्य, अशी पाच वर्षं गेली.

मग २०१६ ला छोटी शहरं स्वस्तात विमानानं जोडायची केंद्राची उडान योजना आली. तासाभराच्या प्रवासाला ठराविक सीटचं भाडं २५०० च्या आसपास बांधायचं आणि कंपनीचा तोटा सरकारनं तीन वर्षं भरायचा. मार्गवाटपाच्या पहिल्याच फेरीत जळगावचा नंबर लागला, तरी मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळेना. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि मोठ्या विमानांच्या गर्दीत १९ सीटच्या बीचक्राफ्टला कोण विचारतो! एअर डेक्कननं २०१७ च्या डिसेंबरात सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत बंद पडलं. २०१९ ला ट्रूजेटचं एटीआर अहमदाबाद-जळगाव-मुंबई असं आलं, ते बरं चाललं होतं, पण कोरोनानंतर कंपनीच बसली. २०२४ ला फ्लाय९१ नं गोवा आणि हैदराबाद जोडलं, त्याच वर्षी अलायन्स एअरनं मुंबई परत सुरू केली.

म्हणजे इथं किलोमीटरला फारसा अर्थ नाही, मुंबईचा स्लॉट आणि अनुदानाची मुदत या दोन गोष्टी जुळल्या की विमान असतं, नाही जुळल्या की नसतं. म्हणून आमच्याकडचा व्यापारी आजही विमानाचं तिकीट काढतो आणि रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन पण ठेवतोच.