‘सगळ्यांसाठी’ म्हणजे नेमकं कोणासाठी? बेळगाव सीमाभागातल्या ख्रिस्ती प्रीतीची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातल्या एका घरात रविवारी सकाळी उपासना भरते. कट्ट्यावर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर वीसेक माणसं, एक ढोलकी आणि एक टाळांची जोडी. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढायला सांगितला. माझ्यापुढे सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर मराठी बायबल, सुनेच्या मांडीवर कन्नड. सून बैलहोंगलकडची. सोळाव्या वचनावर दोघींची बोटं थांबली ती एकाच शब्दाशी, ‘प्रीती’. कन्नडातही तिथे हाच शब्द आहे, फक्त लिपी निराळी.

नंतर चहा घेताना मी सासूबाईंना विचारलं, सुनेला मराठी उपासना कळते का?

“समजतंय की ओ सगळं. वाचायला येत न्हाई तिला. मला कन्नड बोलायला येतंय, वाचायला न्हाई. मग दोन पुस्तकं.”

देवाची प्रीती सगळ्यांसाठी आहे, हे ख्रिस्ती माणसाला पाळण्यातच शिकवतात. पण सगळे म्हणजे कोण, आणि त्यांना ते सांगायचं कुठल्या भाषेत, हे प्रश्न बेळगावच्या टापूत पहिल्या दिवसापासून आहेत. इथली ख्रिस्ती मंडळी आज कन्नड, मराठी, कोंकणी अशी का विभागलेली दिसते आणि तरी एकाच छपराखाली का बसते, हे समजून घ्यायचं तर गोव्यापासून सुरुवात करायला हवी.

गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री आला, जेझुइट या कॅथलिक संघाचा, आणि उरलेलं आयुष्य बहुतेक गोव्यातल्या साष्टी तालुक्यातच राहिला. त्याने ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. परक्या माणसाने आपल्या भाषेचं एवढं कौतुक करावं याचं मराठी वाचकाला आजही अप्रूप वाटतं आणि त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या प्रसिद्ध आहेत. पण त्यातली खरी गोम दुसरीच आहे. स्टीफन्सने येशूची कथा सांगायला पुराणाचा घाट निवडला, कारण ऐकणाऱ्यांना पुराण ऐकायची सवय होती. त्याच गोव्यात त्याच काळात देवळं पाडली जात होती आणि बाटण्याच्या भीतीने माणसं घाट चढून वर येत होती. एका हाताने ओवी आणि दुसऱ्या हाताने दांडगाई. घाटावरच्या लोकांच्या मनात ‘पाद्री’ या शब्दाला जी दुहेरी चव राहिली, तिचं मूळ मला इथे दिसतं.

घाटावर तेव्हा आदिलशाही होती. १६३७ साली रोमने या आदिलशाही मुलखासाठी धर्माधिकारी नेमला तो दिवाडी बेटावरचा एक गोमंतकीय, मातेऊस द कास्त्रो. पोर्तुगीज पाद्र्यांना तो डोळ्यांसमोर नको होता. काळ्या माणसाने बिशपची टोपी घालावी हेच त्यांना पटेना. म्हणजे ‘सगळ्यांसाठी’ची पहिली कसोटी बाहेरच्या लोकांवर नव्हे, चर्चच्या आतच लागली.

गोव्याहून वर आलेल्यांत ख्रिस्तीही होते. आजऱ्याकडे, गडहिंग्लजकडे बारदेसकर आडनावाची ख्रिस्ती घरं भेटतात. बारदेशातून आले म्हणून बारदेसकर. घरात कोंकणी, बाजारात मराठी. ते देवाला ‘मोग’ मागतात, त्यांचे शेजारी ‘प्रेम’ म्हणतात आणि प्रॉटेस्टंट बायबल ‘प्रीती’ म्हणतं.

दुसरा प्रवाह पूर्वेकडून आला, आणि तो लष्करामागून आला. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला. लंडन मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेचं काम बळ्ळारीत १८१० पासून सुरू होतं. तिथून १८२० साली जोसेफ टेलर बेळगावला आले, पुढे विल्यम बेनन आले. कॅम्पात मद्रासकडच्या पलटणी, म्हणून तमिळ बोलणारे बरेच. पेठेत मराठी, आजूबाजूच्या खेड्यांत कन्नड. एकाच मिशनला तीन भाषांत उपदेश करावा लागे. 

मराठी बायबल तोवर आकाराला येत होतं, पण ते फार लांबून. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपुरात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने ते काम केलं. मराठी मुलूख त्याने कधी पाहिलाही नव्हता. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण आलं, १८११ मध्ये नवा करार, तोही मोडीत. १८१३ पासून मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये मुंबईतच नवा करार पुन्हा मराठीत छापला. बेळगावच्या मिशनरीला मराठीची पुस्तकं मुंबईकडून आणि कन्नडची बळ्ळारीकडून मागवावी लागत असणार. बेळगाव दोन्हीच्या मध्ये.

मिशनने शाळा काढल्या. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेलं ‘बेननस्मिथ’ हे शाळेचं नाव दोन मिशनऱ्यांवरून आलं. कॅथलिकांची सेंट पॉल्स १८५६ची, जेझुइटांची. या शाळांत शिकून ख्रिस्ती झालेले बोटांवर मोजण्याइतके. शिकून वकील, मामलेदार, पुढारी झालेले कितीतरी. मिशनऱ्यांना याची खंत होती की समाधान, हे माणसागणिक बदलत असावं.

त्या बोटांवर मोजण्याइतक्यांतला एक मात्र असा निघाला की त्याच्यासाठी थांबायलाच हवं. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. घर कासार जातीचं, सोवळ्याओवळ्याचं. बेळगावच्या मिशन शाळेत शिकून ते मुंबईला गेले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनच्या फ्री चर्चच्या शाळेत. तिथे परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला. ही मंडळी जातिभेद मोडायला निघालेली, पण गुपचूप: दारं लावून ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा आणि बाहेर आल्यावर काही झालंच नाही असं वागायचं. पदमनजींना ही लपवाछपवी पुरेना. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मुंबईच्या गर्दीत नाही. बेळगावात, जिथे गल्लीतलं कुत्रंही बापाला ओळखत असणार. घरात काय आकांत झाला असेल त्याची कल्पना करता येते. त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला हा प्रवास मांडला आहे.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान तिला देतात. विषय हिंदू विधवांच्या हालअपेष्टा. त्यात उपदेश भरपूर आहे. कथानक म्हणून ती आज वाचवत नाही, हे कबूल करायला हरकत नाही. पण एका बेळगावकराने देवाच्या प्रीतीचा अर्थ ‘केशवपन झालेली, कोपऱ्यात बसवलेली बाईसुद्धा’ असा लावला, तोही छापून, ही गोष्ट लहान नाही. माझ्या मते या भागातलं सगळ्यात टिकाऊ सुवार्ताकार्य चौकातल्या व्याख्यानांनी नाही, या छापलेल्या मराठीने केलं. बेळगावात मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या किती घरांना पदमनजी आपल्या गावचे हे माहीत आहे, कोण जाणे.

या छापील मराठीला पुढे दोन माणसांनी घराची ऊब दिली. दोघंही बेळगावची नव्हेत, पण इथल्या उपासनेत दर आठवड्याला हजर असतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांच्या अभंगांमुळे इंग्रजी चालींना जोखडलेली मराठी गीतं सुटली आणि उपासनेत टाळ आले. पंडिता रमाबाई तर कर्नाटकातच, सह्याद्रीतल्या गंगामूळला, मराठी घरात जन्मल्या, १८५८ साली. सीमा कुठे आखायची हा वाद त्यांच्या जन्माशीच घालता येईल! शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, कारण संस्कृत शब्दांनी जड झालेलं भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनातल्या खेडवळ बायकांच्या डोक्यावरून जात होतं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, बाहेर आलं.

१९०४ साली लंडन मिशनने बेळगावचं काम मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनच्या हाती दिलं. त्यानंतर चित्र पालटलं. एकेक शिकलेला तरुण येण्याऐवजी बेळगाव, बैलहोंगलकडच्या खेड्यांतली दलित कुटुंबं गटागटाने मंडळीत येऊ लागली. गावविहिरीवर ज्यांना पाणी नव्हतं, त्यांना कोणीतरी ‘तूसुद्धा’ म्हटलं होतं. याला टीकाकारांनी ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवलं. भुकेल्याने भाकरीकडे पाहणं हे पाप आहे असं पोट भरलेला माणूसच म्हणू शकतो. अर्थात पुढची गोष्टही सांगायला हवी: जात दाराबाहेर राहिली नाही. कोण कोणाकडे मुलगी देतो हे पाहिलं की मंडळीतली जात आजही दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा हक्क जातो. कर्नाटकात त्याला मागासवर्गाच्या पहिल्या प्रवर्गात जागा आहे. त्यामुळे देवाच्या दारी एक नाव आणि दाखल्यावर दुसरं अशी घरं या भागात आहेत. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मुलाची फी त्यांनी भरायची असते.

कॅथलिकांकडे १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत वेगळा झाला. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि सीमाप्रश्न पेटला तो पेटलाच. पण धर्मप्रांताने राज्याची रेघ मानली नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज हे महाराष्ट्रातले तालुके बेळगावच्याच बिशपांकडे राहिले. निपाणीच्या टोलनाक्यावर एसटीला काळं फासलं जातं त्या दिवसांतही आजऱ्याचा फादर बेळगावच्या बैठकीला जायला निघतो.

गंमत अशी की भाषेचं भांडण चर्चमध्ये यायला कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद कारणीभूत झाली. १९६२ ते ६५ या परिषदेने लोकभाषेतल्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, वाट मोकळी केली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये, म्हणजे कोणालाच कळत नसे, म्हणून भांडण नव्हतं. आता विचारावं लागलं: लोकांची भाषा म्हणजे कुठली? कॅम्पातल्या जुन्या गोवेकर घरांची कोंकणी, पेठेतली मराठी, खेड्यांतली कन्नड, की मुलांची इंग्रजी? उत्तर निघालं ते बेळगावी व्यवहाराचं: वेळा वाटून घ्या. फळ्यावर एकाखाली एक भाषा आणि तास. हे वाटप कुणालाच पूर्ण पसंत नसतं, त्यामुळे टिकतं. नाताळात मात्र फळा बाजूला राहतो. मध्यरात्रीच्या मिस्सेला जो तो येतो, हिंदू शेजारीसुद्धा गव्हाणी बघायला लेकरं घेऊन येतात, आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या फराळाची परतफेड म्हणून कुलकुलांचे डबे गल्लीत फिरतात.

अलीकडचा टप्पा थोडक्यात. धर्मांतराला आवर घालणारं विधेयक कर्नाटक विधानसभेने २३ डिसेंबर २०२१ ला मंजूर केलं ते बेंगळुरूत नव्हे, हिवाळी अधिवेशनात, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. नाताळाला दोन दिवस उरले होते. पुढे २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने तो मागे घ्यायचं ठरवलं. आमिष दाखवून धर्म बदलू नये, हे कोणाही प्रामाणिक ख्रिस्त्याला मान्यच असेल. पण प्रार्थना, शाळा, औषधपाणी यांतलं आमिष कुठलं आणि शेजारधर्म कुठला, हे ठरवायचं काम पोलिसाच्या हाती गेलं की खेड्यातला पाळक आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतानाही आधी दाराकडे बघतो.

त्या हिवाळ्यात खानापूरच्या त्या घराचा पुढचा दरवाजा भजनाच्या वेळी लावून घेत, असं सासूबाईंनी सांगितलं. थंडीचे दिवस, म्हणून उकडलं नाही एवढंच. ढोलकीही नुसती बोटांनी वाजायची. आता दार उघडं असतं. समोरच्या घरातली म्हातारी आपल्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली मी पाहिली. गळ्यात तुळशीची माळ, मान टाळाच्या ठेक्यावर हलत होती. सुनेने तिला आत बोलावलं, कन्नडात. म्हातारीने हात हलवला आणि मराठीत म्हणाली,

“राहू दे गे, इथनंच ऐकू येतंय की.”