चाकावरचं घर पुरातून पळून जातं का?

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत गावभागात कुणीतरी म्हणतंच, "अमेरिकेत बरंय, घराला चाकं असतात. पूर आला की घर घेऊन निघायचं. शिवाय स्वस्त!" २००५ पासून ऐकतोय. २०१९ ला ज्यांचं घर पाण्यात गेलं, त्यांनाही हे आशेनं बोलताना पाहिलं, म्हणून लिहितोय.

तिथं साधारण दोन कोटी लोक अशा घरांत राहतात, हे खरं. पण घर कारखान्यात बनतं, ट्रकनं जागेवर येतं आणि बहुतेक वेळा कायमचं तिथंच राहतं. परत हलवायचं तर परवाने, अवजड वाहन आणि हजारो डॉलर लागतात. ऐन पुरात कोण हलवणार?

जागेवर बांधलेल्या घरापेक्षा ते स्वस्त पडतं, नक्कीच. पण अनेकांचं घर स्वतःचं आणि खालची जमीन भाड्याची असते. जमीनमालकानं भाडं वाढवलं तर घर उचलून जायचं कुठं? जमीन नावावर नसली की कर्जही गाडीच्या कर्जासारखं मिळतं, व्याज जास्त. खरा पिळवटून टाकणारा खर्च हा आहे.

आणि चक्रीवादळाचा इशारा आला की अशा घरांतल्या लोकांना घर तिथंच सोडून निवाऱ्याला जायला सांगतात.