उपकेंद्रातले कागद नर्सबाईंकडे कसे आले

महिनाअखेर आली की उपकेंद्रातल्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्यकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला (नर्सबाईंना) लसीकरणापेक्षा अहवालांची धास्ती जास्त असते. असे का, हे समजून घ्यायला १९७३ पर्यंत मागे जावे लागते.

त्याआधी खेड्यात प्रत्येक मोहिमेचा माणूस वेगळा होता. हिवतापाचा कर्मचारी तापाचे रुग्ण शोधायचा, देवीची लस टोचणारा निराळा, कुटुंबनियोजनाचा आणखी तिसरा. ज्याचे काम, त्याचीच वही. १९७३ मध्ये केंद्र सरकारच्या कर्तारसिंग समितीने ही कामे एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांकडे द्यायला सुचवले. विचार चांगलाच होता. तीन-चार अनोळखी माणसांपेक्षा ओळखीची दोन माणसे घरात आलेली बरी. पण कामे एकत्र झाली ती फक्त गावात. जिल्हा, राज्य आणि दिल्लीत प्रत्येक कार्यक्रमाचा अधिकारी वेगळा राहिला आणि त्याचा तक्ताही वेगळा. आजच्या ओझ्याचे मूळ मला तिथेच दिसते.

सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, हे गणित दोन्ही पदे भरलेली धरून होते. २००२ पासून सेविकेच्या पगाराचा भार केंद्राने घेतला. पुरुष कर्मचाऱ्याचा राज्यांकडेच राहिला. अनेक ठिकाणी त्याची जागा रिकामी राहिली आणि त्याची रजिस्टरे बाईंच्या टेबलावर आली. शेजारच्या उपकेंद्राची सेविका निवृत्त झाली, की तिथला ‘अतिरिक्त कार्यभार’ही त्यांच्याकडेच. गावे दुप्पट, अहवाल दुप्पट, दिवस तेवढाच.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आणल्या. मोठा आधार झाला, यात शंका नाही. मात्र त्यांचा मोबदला कामागणिक ठरला, म्हणून प्रत्येक कामाचा पुरावा कागदावर हवा. २००८ मध्ये आरोग्याची आकडेवारी ऑनलाइन भरायचे एचएमआयएस पोर्टल आले, २००९ मध्ये माता-बालकांची नावनिशीवार नोंद सुरू झाली, २०१६ मध्ये सेविकेने नोंदी भरायचा ‘अनमोल’ टॅब. रजिस्टर जाईल असे वाटले होते. पण जिथे रेंज नाही, तिथे आधी कागदावर लिहायचे आणि मग रेंज मिळेल तिथे तेच पुन्हा भरायचे, हे चालूच राहिले. कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटरची जागा रिकामी असेल तर तीही नोंद सेविकेकडे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बेमुदत संपावर गेल्या. मानधनवाढीसोबत त्यांची एक मागणी ऑनलाइन कामाची सक्ती थांबवण्याचीही होती.