अश्वसाहाय्यित शिक्षण

घोड्याची निगा राखणे, त्याला हाताळणे व चालवणे या कामांतून अडखळणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना लक्ष, संयम आणि संवाद शिकवण्याची पद्धत. शाळा अर्धवट सोडलेली, सतत भांडणात सापडणारी, आघात सोसलेली किंवा अतिशय बुजरी मुले तिच्याकडे पाठवली जातात. बहुतेक काम जमिनीवर उभे राहूनच होते. स्वारी असतेच असे नाही. घोड्याच्या चालीचा उपयोग करून घेणारा भौतिकोपचार आणि परवानाधारक तज्ज्ञाने करायचा मानसोपचार हे दोन्ही वेगळे. जाहिरातींत मात्र तिन्हींची सर्रास सरमिसळ असते.

पोलिओमुळे गुडघ्यांखाली बळ न उरलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करवून घेणे) या प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्यानंतर युरोप-अमेरिकेत अपंगांसाठी अश्वारोहणाला जोर आला आणि १९६९ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. स्वारी पूर्णपणे वगळणारी ईगाला ही संस्था १९९९ मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या पद्धतीत मनोविकारांचा जाणकार आणि घोड्यांचा जाणकार असे दोघे एकाच वेळी रिंगणात असतात.

घोडा कळपात राहणारा, शिकार होणारा प्राणी. डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांचे दिसते. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा आंधळा. आवळलेले खांदे, अडलेला श्वास, पावलांची घाई यांना तो लगेच प्रतिसाद देतो. ‘घोडा मन वाचतो’ असे म्हणतात, पण तो वाचतो ते शरीर, आणि शिकवायला तेवढे पुरते. शिवाय चार-पाचशे किलोंच्या जनावरावर दादागिरी चालत नाही. मुलाला काल शाळेत मिळालेल्या शेऱ्यांशीही त्याला देणेघेणे नसते.

सत्र साधारण ६० ते ९० मिनिटांचे, आठवड्यातून एकदा, आठ ते बारा आठवडे. सहा मुलांमागे तीन घोडे पुरतात. दोघांत एक घोडा असला की आपसांत बोलणे भाग पडते. पहिल्या दिवशी कुंपणाबाहेरून कळप पाहायचा: कोण कोणाला हटवतो, कान कुठे वळतात. मग डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरके, आवाज देत जवळ जायचे. म्होरकी चढवली की दोराची घडी हातात धरायची. दोर हाताला गुंडाळायचा नाही; घोडा बुजून पळाला तर बोटे जातात. खरारा मान, पाठ आणि पुठ्ठ्यावर गोल फिरवायचा, हाडाळ पायांवर नाही. खुरातली माती आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायची आणि मधला मऊ त्रिकोणी भाग सांभाळायचा.

खरा धडा चालवण्यात आहे. मूल समोर उभे राहून दोर ओढते, घोडा मान ताठ करून उलटा रेटतो, मूल आणखी ओढते. ताणाला ताणाने उत्तर देणे ही घोड्याची जात. उपाय असा: खांद्याजवळ उभे राहायचे, नजर पुढे ठेवायची, दोराला हलका ताण द्यायचा आणि घोड्याने पाऊल उचलताच तो ताण सोडायचा. घोडा शिकतो ते त्या सोडण्यातून. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर आपण नेमके काय बरोबर केले हे त्याला कळत नाही. चिडलेल्या मुलाला ‘शांत हो’ सांगून जे साधत नाही ते इथे बऱ्याचदा साधते, कारण हात सैल केल्याचे फळ पुढच्या पावलात दिसते.

बिघडते ते बहुधा मोठ्यांमुळे. शिक्षक फार बोलतो आणि मूल काही पाहण्याआधीच त्याचा अर्थ सांगून टाकतो. हातावरून खाऊ दिला की घोडा खिसे हुंगू लागतो, मग चावू लागतो. सर्वांत वाईट चूक म्हणजे शाळेत दंगा केला म्हणून घोड्याचे सत्र रद्द करणे: ज्याला सत्राची सर्वाधिक गरज, त्याचेच ते जाते. सत्रे अचानक संपवू नयेत. शेवटच्या तारखेची कल्पना काही आठवडे आधी द्यावी. बंद बूट, शिरस्त्राण आणि धनुर्वाताची लस आवश्यक, कारण त्या रोगाचे जंतू लिदीतून मातीत येतात. दमा असलेल्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

पुरावा अजून तोकडा आहे. बरेच अभ्यास लहान गटांवरचे, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले. कोलोरॅडोतील २०१५ ची चाचणी अधिक भक्कम: स्वमग्नता असलेली ६ ते १६ वयाची १२७ मुले यदृच्छेने विभागली, एक गट दहा आठवडे स्वारी शिकला, दुसऱ्याने घोड्याविना तबेल्यातले धडे घेतले. स्वारीच्या गटात चिडचिड व अतिचंचलता अधिक घटली. दुसरा गट नसता, तर मोकळी हवा आणि मोठ्यांनी दिलेला वेळ यांचे श्रेयही घोड्यालाच गेले असते.

घोडा शांत हवा, पण बधिर नको. माथेरानसारख्या ठिकाणी रोज अनोळखी पर्यटकांना वाहणारे घोडे निमूट वाटतात. यातले अनेक बारीक खुणांना दाद देईनासे झालेले असतात. खच्ची केलेला, आठ ते अठरा वर्षांचा, रोज काही तास इतर घोड्यांसोबत मोकळा सोडला जाणारा घोडा उत्तम. दिवसात दोन सत्रे पुरेत. कान चपटे मागे जाणे, शेपटीचे फटकारे, ठाणावर डोलत राहणे दिसले की त्याला विश्रांती द्यावी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिसणाऱ्या मारवाडी व काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळलेली असतात. अशा कानांचा आकार पाहू नये, ते कोणत्या दिशेला वळतात ते पाहावे. बाजारातून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. अहवाल येईपर्यंत त्याचे ठाण, बादली आणि खरारा वेगळा ठेवावा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.