‘सिलहाक’ हे नाव कुणी ठेवले?

चोसन राजघराण्याच्या काळातील कोरियाचे विद्वान जोंग याक-योंग यांनी १८२२ साली, वयाच्या साठीत, स्वतःच्या समाधीसाठी स्वतःच लेख लिहिला. त्यात आपल्या ग्रंथांचा हिशेब मांडताना त्यांनी कन्फ्यूशियन परंपरेच्या प्राचीन ग्रंथांवरील आपली भाष्ये हे मूळ, आणि राज्यकारभारावरील तीन ग्रंथ हा त्यावरचा विस्तार, असा क्रम लावला.

आज मात्र जोंग प्रसिद्ध आहेत ते कारभारसुधारणेच्या विचारांमुळे आणि सुवोनच्या ह्वासोंग किल्ल्याच्या (१७९४ ते १७९६) बांधकामासाठी आखलेल्या, वर चार व खाली चार कप्प्या असलेल्या, दगड उचलण्याच्या यंत्रामुळे. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील अशा सुधारकांना इतिहासकार ‘सिलहाक’, म्हणजे खरी किंवा व्यवहारोपयोगी विद्या, या एका नावाखाली आणतात. गंमत अशी, की ज्या झू शी या बाराव्या शतकातील चिनी कन्फ्यूशियन विचारवंताच्या तत्त्वज्ञानाविरुद्धचे बंड म्हणून सिलहाकची ओळख करून दिली जाते, त्याच झू शींच्या परंपरेत हा शब्द शतकानुशतके रूढ होता. बौद्धांची विद्या पोकळ आणि आपली भरीव, एवढाच त्याचा अर्थ होता.

एका चळवळीचे नाव म्हणून तो पुढे आला १९३०च्या दशकात. कोरियन विचार म्हणजे चिनी तत्त्वज्ञानाची नक्कल आणि दरबारी गटबाजी, असे चित्र जपानी राजवटीतील अभ्यासक रंगवत असताना जोंग इन-बो, आन जे-होंग यांसारख्या कोरियन विद्वानांनी जोंग याक-योंग यांचे समग्र लेखन छापून त्याला उत्तर दिले. स्वातंत्र्यानंतर याच सुधारकांत आधुनिकतेची देशी बीजे शोधली गेली. १९९६ मध्ये अमेरिकी इतिहासकार जेम्स पॅलेस यांनी मात्र यू ह्योंग-वॉन (१६२२–१६७३) यांच्यावरील विस्तृत ग्रंथात दाखवले, की या ‘आद्य सुधारका’ची नजर प्राचीन चीनच्या आदर्श व्यवस्थेकडे होती.

माझ्या मते या नावामागची मूळ गरज ओळखूनही, त्याने एक नुकसान केले, हे मान्य करावे लागते: जोंग याक-योंग यांची भाष्ये मागे पडली. झू शींच्या मते मानवी स्वभाव म्हणजे माणसात वसलेले विश्वतत्त्व. जोंग म्हणतात, स्वभाव म्हणजे आवड, जसे भाताला पाणी आवडते तसे माणसाला चांगुलपण आवडते. झू शींपासून त्यांनी घेतलेली ही सर्वांत धीट फारकत यंत्राच्या आराखड्यात नव्हे, तर त्या भाष्यांतच सापडते.