नाणेसंग्रह : छंद कुठून आला आणि फसगत कुठून

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा गृहस्थ होता. त्याच्या घोडागाडीला म्हणे एक पेटी बांधलेली असे. पेटीत लोखंडाचा कीस, वंगण आणि त्यानं स्वतः घडवलेली ‘प्राचीन’ नाणी. रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला कीस नाण्यांवर घासला जाई आणि कोरी करकरीत नाणी शेकडो वर्षं हातोहाती फिरल्यासारखी दिसू लागत. ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन मिळून तीनशेहून अधिक नाण्यांसाठी त्यानं ठसे कोरले. हात विलक्षण कसबी होता. त्याची नाणी भल्याभल्या संग्रहांत जाऊन बसली.

बेकरला गिऱ्हाईक मिळालं, कारण तोवर जुन्या नाण्यांची ओढ फार लांबवर पोचली होती. रोमन सम्राट ऑगस्टस सणाच्या वेळी पाहुण्यांना जुन्या राजांची आणि परदेशी नाणी भेट देत असे, असं त्याचा चरित्रकार स्युटोनिअस लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही ‘जुनं नाणं’ ही खर्चायची नव्हे, जपायची वस्तू होती. चीनमध्ये हुंग त्सुन यानं ११४९ मध्ये नाण्यांवर एक ग्रंथ पुरा केला. आज हातात असलेल्या या विषयावरच्या ग्रंथांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक. राजघराण्यांनुसार नाणी लावून त्यांचं वर्णन करणं हे आजच्या संग्राहकाचं काम तो तेव्हाच करत होता.

युरोपात या छंदाची सुरुवात कवी पेत्रार्कपासून सांगतात. रोममध्ये द्राक्षमळे खणताना मजुरांना नाणी सापडत. ती घेऊन ते त्याच्याकडे येत. कधी विकायला, कधी त्यावरचा चेहरा कुणाचा ते विचारायला. १३५४ मध्ये मांतुआ इथं तो बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याला भेटला, तेव्हा त्यानं रोमन सम्राटांच्या मुद्रा असलेली सोन्याचांदीची नाणी त्याच्या हातावर ठेवली आणि या माणसांसारखं हो, असं सांगितलं. या छंदातला आनंद मला इथं सर्वांत स्पष्ट दिसतो. पुस्तकात फक्त नाव भेटतं. नाण्यावर नाक, हनुवटी, केसांचं वळण भेटतं.

पण चेहऱ्यांची हौस वाढली तसा नकलांचा धंदाही उभा राहिला. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ शहरात जोव्हान्नी दा कॅव्हिनो रोमन धर्तीच्या मुद्रा घडवत होता. त्याचा हेतू फसवण्याचा होता की निव्वळ कलेचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढे मात्र त्या अस्सल म्हणून खपल्या. ‘पादुआन’ या नावानं आज त्याच नकला लोक आवडीनं जमवतात.

नकलांवर खरा उतारा सापडला तो नाणी वाचण्याच्या शिस्तीत. व्हिएन्नाच्या योझेफ एकेलनं १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांत प्राचीन नाण्यांची प्रदेश आणि कालक्रमानुसार मांडणी केली. नाणं एकटं पाहायचं नाही, त्याच्या भावंडांच्या रांगेत ठेवून पाहायचं, ही सवय तिथून पक्की झाली. त्या सवयीनं काय साधलं, ते भारतीय वाचकानं आवर्जून पाहावं असं आहे. १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन हा सैन्यातून पळालेला माणूस अफगाणिस्तानात बेग्रामच्या परिसरात हजारो नाणी गोळा करत होता. इंडो-ग्रीक राजांच्या त्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला कुणाला न वाचता येणारी लिपी. ग्रीक बाजूला जिथं मिनँडरचं नाव, तिथं पलीकडे ठरावीक चिन्हंच पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या लक्षात आलं. टांकसाळीत धातूचा कस तपासणाऱ्या जेम्स प्रिन्सेपनं तो धागा पकडला आणि ती लिपी, म्हणजे खरोष्ठी, उलगडू लागली. १८३६ मध्ये ख्रिस्तियान लासेननं अगाथोक्लीस राजाच्या द्विभाषिक नाण्यावरून ब्राह्मीतलं राजाचं नाव वाचलं, आणि पुढच्याच वर्षी प्रिन्सेपनं ब्राह्मीचा पूर्ण उलगडा केला. अशोकाचे लेख त्यामुळे पुन्हा बोलते झाले. तळहातावर मावणाऱ्या तांब्याच्या तुकड्याचा यात मोठा वाटा आहे.

नाण्यावरचं वर्ष मात्र दरवेळी खरं बोलत नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिची ‘थालर’ नावाची चांदीची नाणी तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल घालून पाडली जात राहिली. अरबस्तान आणि इथिओपियात लोकांचा विश्वास त्याच नाण्यावर होता, म्हणून विसाव्या शतकातही ती निघत होती; १९४० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळीतही. अमेरिकेचा १८०४ सालचा प्रसिद्ध डॉलर तर १८०४ मध्ये पाडलेलाच नाही. परदेशी राजांना भेट देण्यासाठी तो १८३४ च्या सुमारास तयार केला. टांकसाळ खरी, धातू खरा, साल तेवढं मागचं. नवख्या माणसाचा पाय घसरतो तो बहुतेक इथंच.

दुसरी चूक हातानं होते, आणि ती परत घेता येत नाही. ठशाखाली दाबला जाताना धातू मधून कडेकडे सरकतो. त्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात, आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यांच्यावरून उजेडाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. नाणं लख्ख करायला घासलं की या रेघाच जातात. चमक येते, पण ती मेलेली असते. पूर्वीच्या अनेक मोठ्या संग्रहांत नाणी नियमितपणे पुसली, घासली गेली आणि त्याच्या खुणा आजही भिंगाखाली दिसतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी वेगळंच नुकसान केलं : प्लॅस्टिकचं विघटन होऊ लागतं आणि नाण्यावर चिकट हिरवट थर चढतो. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते नाणं आधी बाकीच्यांपासून बाजूला, कोरड्या जागी ठेवावं. क्षार आणि दमट हवा मिळून नाण्याला आतून खातात.

नाणं किती चांगल्या स्थितीत आहे, या दर्जाला आकडा मिळाला तो विल्यम शेल्डनच्या १९४९ च्या १ ते ७० या मापामुळे. ते माप मुळात अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांपुरतं होतं. १९८० च्या दशकात नाणी तपासून, आकडा देऊन, डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या आल्या; मग डब्यांच्याही नकला आल्या.

सर्वांत मोठं नुकसान मात्र नाण्याच्या अंगावर दिसतच नाही. नाणं कुठं, कशाशेजारी, किती खोल सापडलं, हे एकदा हरवलं की त्याची निम्मी गोष्ट संपते. घाईनं उकरून सुटी विकलेली नाणी अशी मुकी होऊनच बाजारात येतात. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एक जण धातुशोधक यंत्र घेऊन मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधत होता. त्याला सोन्याचांदीची रोमन नाणी लागली. थोडी वर काढल्यावर त्यानं खणणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्ववाले आले आणि जवळपास १५ हजार नाणी त्यांनी थर न बिघडवता काढली. त्यामुळे लाकडाची पेटी कुजून गेलेली असूनही आतला ऐवज कसा रचून ठेवला होता ते कळलं. चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या होत्या. रोमहून नवी नाणी येणं थांबल्यावर ब्रिटनमधले लोक आहे तीच चांदी पुरवून वापरत होते, हे त्या कातरलेल्या कडांनी दाखवलं. तो ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. शेतात सापडलेला हातोडाही तिथंच आहे.