अकाली वयात येणारी मुले आणि रक्तातील मेद: मोजपट्टी कोणती?

मुलगी आठ वर्षांच्या किंवा मुलगा नऊ वर्षांच्या आत वयात येऊ लागला तर ते अकाली मानावे, ही रेघ प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय मुलांच्या निरीक्षणांवरून पक्की झाली. १९९७ साली अमेरिकेतील १७ हजारांहून अधिक मुलींच्या पाहणीत स्तनवाढ अपेक्षेपेक्षा बरीच लवकर सुरू होत असल्याचे दिसले. दोनच वर्षांनी ही रेघ गोऱ्या मुलींसाठी सात आणि कृष्णवर्णीय मुलींसाठी सहा वर्षांवर आणावी, अशी शिफारस झाली. ती सर्वांना पटली नाही, आणि आक्षेप रास्त होता: स्थूल मुलीच्या छातीवरील चरबी नुसत्या नजरेला स्तनवाढ वाटू शकते, शिवाय रेघ खाली आणली तर खरा आजार असलेली मुले तपासणीतून सुटू शकतात.

या काळात डॉक्टरांचे लक्ष मुख्यतः उंचीवर होते. हाडे लवकर पक्व होऊन वाढ खुंटू नये, म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभापासून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे, वयात येण्यास चालना देणारे संदेश थोपवणारी इंजेक्शने वापरात आली. रक्तातील मेदाचा विचार मागून आला. वयात येताना निरोगी मुलांमध्येही इन्शुलिनचा प्रभाव तात्पुरता घटतो, हे १९८०च्या दशकात प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध झाले. पुढच्या दशकात, जननेंद्रियांवर अकाली केस आलेल्या काही मुलींमध्ये इन्शुलिन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा एक प्रकार) वाढलेले आढळले. त्यांतील काहींचे जन्मवजन कमी होते. १९९४ साली लेप्टिनचा, म्हणजे चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या आणि साठ्याची खबर मेंदूला देणाऱ्या संप्रेरकाचा, शोध लागला आणि चरबीचा साठा व वयात येणे यांतील दुवा रसायनाच्या भाषेत मांडता येऊ लागला.

खरा गुंता मात्र 'मेटाबॉलिक सिंड्रोम' या संज्ञेचा आहे. कंबरेचा वाढता घेर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांचा हा समूह प्रौढांसाठी बांधला गेला. मुलांसाठी त्याच्या इतक्या व्याख्या निघाल्या की एकच मूल एका व्याख्येत बसे आणि दुसरीतून निसटे. हा गोंधळ मिटवण्यासाठी २००७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने दहा वर्षांखालील मुलांमध्ये हे निदान करूच नये, असे ठरवले. सावधगिरी म्हणून ते योग्यच होते, पण अकाली वयात येणारी मुले निदानाच्या वेळी बहुधा याच वयाची असतात, म्हणजे ज्यांच्याविषयी प्रश्न सर्वांत तातडीचा होता तीच व्याख्येबाहेर राहिली.

मेदाच्या मर्यादांचीही तीच अडचण आहे. २०११ च्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार नऊ वर्षांपर्यंत ट्रायग्लिसराइड ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असावे, तर दहाव्या वर्षापासून ९० च्या खाली चालते. साडेआठ वर्षांच्या मुलीचे ८० आले तर ते सीमारेषेवरचे ठरते, पण तिचे शरीर अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या टप्प्यावर असेल तर तेच ८० तिच्या टप्प्याच्या मुलींत सामान्य गणले जाईल. एलडीएलबाबत, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलबाबत, चूक उलट दिशेने होऊ शकते. वयात येण्याच्या मध्यावर ते काहीसे उतरते, म्हणूनच त्या मार्गदर्शनात सरसकट तपासणी ९ ते ११ वर्षांत ठेवली आणि १२ ते १६ हा काळ टाळला. सातव्या वर्षी वयात येऊ लागलेल्या मुलीची नववी-दहावी वर्षे मात्र नेमकी त्या उताराची असू शकतात. माझ्या मते तुलना जन्मतारखेशी की शरीराच्या टप्प्याशी, हे न सांगता दिलेला आकडा अर्धाच असतो.

स्थूलतेचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. पाळी लवकर आलेल्या स्त्रियांत पुढे मधुमेहाचे प्रमाण जास्त दिसते, पण वजनाचा हिशेब धरला की हा संबंध सैल होतो. अधिक वजनाच्या मुली लवकर वयात येतात आणि लवकर वयात आल्यावर वजन वाढतही जाते, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे काढणे अवघड आहे. इंजेक्शनांच्या काळात मेदाचे काय होते, याविषयीचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. काही अभ्यास मुलांची तुलना समवयस्कांशी करतात, काही त्यांच्याच उपचारापूर्वीच्या आकड्यांशी, आणि उपचाराने वयात येण्याची प्रक्रिया थांबली की मुलाचा टप्पाही बदललेला असतो.